गोंगाटाचं घराणं

आमच्या हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आजवर एकही ठराव धडपणे मंजूर झालेला नाही. पाण्याची टाकी धुवावी की न धुवावी, यावर दोन तट पडले होते. गच्चीवर पापड वाळत घालण्याचा प्रश्न तीन सभा चालला, आणि तेवढ्या अवधीत पापड दोनदा भिजले. अशा या सभेने गेल्या महिन्यात एक ठराव अवघ्या चार मिनिटांत मंजूर करून टाकला. विरोधी मत एकच पडलं. ते माझं. पण मी ते इतक्या हळू आवाजात दिलं की इतिवृत्तात त्याची नोंद ‘एक सभासद खोकले’ अशी झाली आहे.

ठराव असा होता : ‘इमारतीत इलेक्ट्रिक गिटार या नावाखाली चाललेला गोंगाट ताबडतोब बंद करण्यात यावा.’

गिटार माझ्या भाच्याची. इंजिनियरिंगला आहे, आमच्याकडे राहतो. सुरुवातीला तो गाणी वाजवायचा तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. मग एके दिवशी त्याने सहाच्या सहा तारा एकाच सुरात लावल्या, काही वरच्या सप्तकात, काही खालच्या, आणि तो एकच सूर झोडत बसला. मी घाबरून आत डोकावलो. म्हटलं, "अरे, बिघडलीय का?" तर म्हणाला, "मामा, आत्ता कुठे सुधारलीय."

ठराव मांडला तळमजल्यावरच्या मास्तरांनी. मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि किराणा घराण्याचे जुने श्रोते. गेली चाळीस वर्षं डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला शाल, थर्मास आणि डोळे मिटून बसण्याची तयारी घेऊन जाणारा माणूस. त्यांच्या शब्दाला आमच्याकडे वजन आहे. ते उभे राहिले आणि म्हणाले, "गाण्याला माझी हरकत नाही. रॉक म्हणतात तेसुद्धा मी सहन करीन. आमचा नातू ते निर्वाणा की काय लावतो, त्यात निदान चाल तरी आहे. हा मुलगा चाल वाजवतच नाही. नुसता आवाज काढतो. मी विचारतो, असल्या आवाजातून आजवर कुणाचं काय भलं झालंय?"

टाळ्या पडल्या. ठराव पास. चहा आला.

आता, योग्य उत्तर सभा संपल्यावर जिन्यात सुचणाऱ्या लोकांपैकी मी आहे. मला तर ते तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर सुचलं. तेव्हा जे सभेत बोलायला हवं होतं ते इथे लिहितो. मास्तर वाचतील अशी आशा आहे. नाही वाचलं तर छापील अंक त्यांच्या दाराखालून सरकवण्याची तयारी आहे.

मास्तर, तुमच्या नातवाचं ते निर्वाणा आहे ना, ते असल्या आवाजाच्याच पोटी जन्मलंय. आजोबा गोंगाट, बाप गोंगाट, आणि नातू तेवढा तुम्हाला सुरेल वाटतो.

थोडं मागून सांगतो. रॉक संगीतातल्या गिटारचा जो करकरीत, फाटका आवाज आज आपण लग्नाच्या वरातीतसुद्धा ऐकतो, तो कुणी सुरांच्या पेटीतून अलगद काढून ठेवलेला नाही. १९५८ साली लिंक रे नावाच्या अमेरिकन गिटारवाल्याने ‘रंबल’ या तुकड्यासाठी आपल्या अॅम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. पडद्याला भोकं, म्हणून आवाज फाटका. त्या तुकड्यात शब्द एकही नाही. तरीही पोरं बिघडतील या भीतीने अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी तो लावायचं नाकारलं. शब्दच नसलेल्या गाण्यावर बंदी! म्हणजे आमची सोसायटी वाटते तितकी मागासलेली नाही. १९६४ साली ‘किंक्स’ या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेड घेऊन आपल्या स्पीकरचा पडदा चिरला, आणि ‘यू रियली गॉट मी’ गाजलं. त्याच वर्षी बीटल्सनी ‘आय फील फाइन’च्या सुरुवातीला गिटार अॅम्प्लिफायरजवळ धरल्यावर उठणारी ती घूं घूं मुद्दाम ठेवली. लाउडस्पीकरवाला ज्या आवाजाला घाबरून धावत येतो ना, तोच. आपल्याकडे त्या आवाजानंतर ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ होतं. त्यांच्याकडे गाणं झालं.

पण हे झाले खोडकर लोक. खरे तपस्वी निराळेच होते, आणि माझं भांडण त्यांच्यासाठी आहे. कारण भोकं पाडणाऱ्यांची निदान नावं राहिली. या दुसऱ्या मंडळींनी जे कमावलं ते पुढच्या बँडांनी बिनबोभाट वापरलं, आणि ऐकणाऱ्यांनी त्यांना ‘गोंगाटवाले’ म्हणून निकालात काढलं.

न्यूयॉर्कमध्ये ला माँट यंग नावाचे संगीतकार. १९६० साली त्यांनी एक रचना लिहिली. त्यात सूर दोनच. आणि सूचना अशी की, हे बराच वेळ धरून ठेवायचे. संपली रचना! आपला पाश्चात्त्य संगीताशी संबंध नाही म्हणून सोडून देऊ नका. त्या दोन सुरांमधलं अंतर मोजलं तर ते निघतं षड्ज-पंचमाचं. म्हणजे सबंध रचना म्हणजे काय, तर तंबोरा! मास्तर, तुम्ही चाळीस वर्षं ज्याच्या पुढ्यात डोळे मिटून बसता तोच. आणि हा माझा ओढूनताणून लावलेला संबंध नव्हे. यंग तरुणपणी अली अकबर खाँसाहेबांच्या रेकॉर्डवर लुब्ध झाले होते, आणि १९७० साली त्यांनी शिष्यत्व पत्करलं ते पंडित प्राणनाथांचं. प्राणनाथ कुणाचे? अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. घराणं? किराणा!

इथे मास्तरांना पाणी द्यायला हवं.

या यंगांच्या मंडळीत १९६० नंतरच्या काही वर्षांत जॉन केल नावाचा वेल्समधला तरुण व्हायोला वाजवत होता. तासन् तास एकच सूर. तिथून तो उठला आणि लू रीडबरोबर त्याने ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ हा बँड काढला. रीडची तऱ्हा अशी की, त्याने एका गिटारच्या सगळ्या तारा एकाच सुरात लावल्या होत्या. माझा भाचा जे आज करतो ते! १९६७ साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली आणि फारशी खपली नाही. पण ब्रायन ईनो या संगीतकाराने १९८२ साली एका मुलाखतीत अशा अर्थाचं सांगितलं, की ती रेकॉर्ड घेतली थोड्यांनी. पण ज्याने ज्याने घेतली त्याने त्याने आपला बँड काढला. आमच्या सोसायटीत माझ्या भाच्याचं वाजवणं ऐकून अजून कुणी बँड काढलेला नाही. फक्त ठराव काढलाय. पण सुरुवात अशीच होते.

तिकडे लंडनमध्ये ‘ए.एम.एम.’ या मंडळीतला कीथ रो हा चित्रकलेतून आलेला माणूस. चित्रकार जॅक्सन पोलॉक कापड जमिनीवर अंथरून रंगवतो, तर गिटार तरी छातीशी का धरावी, म्हणून याने गिटार टेबलावर आडवी टाकली आणि हाताला लागेल त्या वस्तूने वाजवायला घेतली. १९६६ साली त्याला जवळून पाहिलं ‘पिंक फ्लॉइड’च्या सिड बॅरेटने. मग बॅरेट सिगारेटचा लाइटर तारांवरून फिरवायला लागला. पुढे पिंक फ्लॉइड जगभर पोचलं. लाखो घरांच्या भिंतींवर त्यांची चित्रं लागली. कीथ रोचं चित्र मी तरी कुणाच्या भिंतीवर पाहिलेलं नाही. आणि गंमत बघा, गिटार आडवी टाकण्यात आपल्याला नवल वाटायचं कारण नव्हतं. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या रेकॉर्डमध्ये ब्रिजभूषण काब्रांनी मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारवर राग वाजवले. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. ती रेकॉर्ड मास्तरांकडे आहे. मी स्वतः पाहिली आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण इथूनच निर्वाणाचा जिना चढतो.

न्यूयॉर्कमध्ये ‘द किचन’ नावाची एक संस्था आहे. १९७१ साली ती एका कलाकेंद्राच्या खऱ्याखुऱ्या स्वयंपाकघरात सुरू झाली, म्हणून हे नाव. तिचे पहिले संगीत-संचालक ऱ्हिस चॅटम. हे वर सांगितलेल्या यंगांच्या तालमीतले. १९७६ साली त्यांनी ‘रामोन्स’ हा बँड ऐकला. तीन स्वरमेळ, दोन मिनिटं, गाणं खलास. चॅटमना वाटलं, हे तीन स्वरमेळ वापरतात, मला एकच पुरे. १९७७ साली त्यांनी ‘गिटार ट्रिओ’ ही रचना केली. गिटारी अनेक, सूर जवळजवळ एकच. तो एकच सूर जोरात वाजत राहिला की थोड्या वेळाने त्याच्या वर दुसरे सूर ऐकू यायला लागतात, जे कुणीच वाजवत नसतं.

कुणी वाजवत नसताना ऐकू येणारा सूर! मास्तर, तंबोऱ्याचा खरज छेडल्यावर गंधार ऐकू येतो म्हणून तुम्हीच मला एकदा जिन्यात अर्धा तास उभं केलं होतं ना? तंबोऱ्यात गंधाराची तार नसते. तरी तो येतो. आणि तो स्वच्छ यावा म्हणून आपले लोक घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात. मिरजेत पिढ्यान् पिढ्या हेच काम चालतं. न्यूयॉर्कच्या पोरांकडे सूत नव्हतं. त्यांनी तारेखाली स्क्रू-ड्रायव्हर घातला. आता यात धर्म कुठला बुडाला?

चॅटमच्या रचनेत ग्लेन ब्रांका नावाचा गिटारवाला वाजवत असे. त्याने ते वेड आणखी वाढवलं. गिटारींचा ताफा उभा केला, तारा एकेका सुरात लावल्या, आणि १९८१ साली ‘द असेन्शन’ ही रेकॉर्ड काढली. त्या ताफ्यात ली रानाल्डो वाजवत होता. ब्रांकाच्या पुढच्या सिंफनीसाठी थर्स्टन मूरही येऊन बसला. या दोघांनी, किम गॉर्डन हिच्यासह, ‘सॉनिक यूथ’ हा बँड उभा केला. त्यांची पहिली रेकॉर्ड १९८२ साली निघाली, तीसुद्धा ब्रांकाच्याच कंपनीतून. याला आपल्याकडे काय म्हणतात? गंडाबंधन म्हणतात. यंगांचे चॅटम, चॅटमकडे ब्रांका, ब्रांकाकडे रानाल्डो आणि मूर. चार पिढ्यांची तालीम. घराणं व्हायला याहून जास्त काय लागतं? फक्त खाँसाहेबांचा हुक्का तेवढा कमी आहे.

सॉनिक यूथने गाण्यागणिक तारांची मांडणी बदलली, म्हणून गाण्यागणिक गिटार निराळी. १९९९ साली कॅलिफोर्नियात त्यांचा वाद्यांनी भरलेला ट्रकच चोरीला गेला आणि कित्येक गाणी त्या गिटारींबरोबर गेली. चोराने त्यातली एक जरी वाजवून पाहिली असेल, तर शिक्षा त्याने तिथेच भोगली. पण त्याआधीच काम झालं होतं. १९८८ सालची त्यांची ‘डेड्रीम नेशन’ ही रेकॉर्ड पुढे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्राने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत घेतली. म्हणजे जो आवाज आमची सोसायटी चार मिनिटांत बंद करते, तो अमेरिकेचं सरकारी ग्रंथालय कपाटात जपून ठेवतं.

आणि १९९० साली मोठ्या कंपनीत गेल्यावर सॉनिक यूथने त्या कंपनीला एका अननुभवी बँडचं नाव सुचवलं. १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्या पोरांना युरोपच्या दौऱ्यावर बरोबरही नेलं. सप्टेंबरात त्या पोरांची ‘नेव्हरमाइंड’ ही रेकॉर्ड आली, आणि १९९२ च्या जानेवारीत तिने मायकेल जॅक्सनला अमेरिकेतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवलं.

मास्तर, ते निर्वाणा.

काही लोक म्हणतील, हे सगळं कसंही झालंच असतं. अॅम्प्लिफायर होता, वीज होती, पोरांना कामधंदा नव्हता. कुणी ना कुणी स्पीकर फाडलाच असता. हा युक्तिवाद मला माहीत आहे. आमचे एक शेजारी ज्ञानेश्वरीबद्दलही असंच बोलतात. कुणीतरी लिहिलीच असती म्हणे. पण ‘कुणीतरी’ नावाचा माणूस आजवर कुठे कामाला आलेला मी पाहिलेला नाही. आमच्या जिन्यातला दिवासुद्धा कुणीतरी बदलील म्हणून आठ महिने गेलेला आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. प्रयोग म्हणजे सगळाच चांगला का? मुळीच नाही. लू रीडने १९७५ साली ‘मेटल मशीन म्युझिक’ नावाची दोन तबकड्यांची रेकॉर्ड काढली. चारही बाजूंना नुसता गिटारींचा आक्रोश. शेवटच्या बाजूची अखेरची खाच तर गोल बंद केलेली. उठून सुई काढली नाही तर आक्रोश जन्मभर चालेल. भाच्याच्या आग्रहाने मी एक बाजू ऐकली. मधे आमची ही येऊन विचारून गेली, "मिक्सर तुम्ही लावलाय का?" मला ती रेकॉर्ड आवडली नाही. पण न आवडणं आणि बंद पाडणं यांत फरक आहे, आणि माझं सगळं भांडण त्या फरकासाठी आहे.

कारण न आवडण्याच्या बाबतीत भल्याभल्यांची फसगत झाली आहे. चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीही न वाजवणं ही रचना म्हणून १९५२ साली मांडणारे जॉन केज. त्यांच्याइतक्या मोकळ्या कानाचा माणूस त्या देशात दुसरा नसेल. १९८२ साली शिकागोत त्यांनी ब्रांकाचा ताफा ऐकला आणि ते इतके अस्वस्थ झाले, की त्यांना त्या आवाजात फॅसिझमची आठवण झाली. शांततेला संगीत म्हणणाऱ्यालाही आवाजाला संगीत म्हणवेना! मग तळमजल्यावरच्या मास्तरांना काय दोष द्यायचा?

आणि दोष द्यायचा तर आपल्याही दप्तरात पुरावे आहेत. ज्या पेटीशिवाय आपलं नाट्यसंगीत उभं राहत नाही, ती हार्मोनियम आकाशवाणीवरून १९४० साली हद्दपार झाली होती. परकी आहे, मिंड येत नाही, सूर ठोकळ्यांत बसवलेले आहेत. १९७१ पर्यंत, तीस वर्षांहून अधिक काळ, सरकारदरबारी ती गोंगाटातच जमा होती. मास्तर, तुमच्या घरी जर्मन सुरांची पेटी आहे. तीस वर्षं त्या पेटीची बाजू घेऊन भांडणारे लोक होते म्हणून ती तुमच्याकडे आहे. एवढं आठवलं असतं, तर चहा येण्याआधी तुम्ही निदान पाच मिनिटं घेतली असती.

शेवटी एकच सांगतो. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क शहराचं दिवाळं निघायच्या बेतात होतं. मॅनहॅटनच्या खालच्या अंगाला रिकाम्या गिरण्या-गोदामांचे मजले स्वस्त भाड्याने मिळत. खाली झोपलेला कुणी नाही, वर पापड वाळत घातलेले नाहीत. म्हणून ती पोरं रात्र रात्र एकच सूर झोडू शकली. नवं संगीत प्रतिभेतून जन्मतं हे खरं. पण त्याला एक खोलीही लागते, जिथे ठराव पास होत नाहीत. ब्रांका २०१८ साली गेला. त्याआधी, २००१ च्या जूनमध्ये, त्याने शंभर गिटारींची सिंफनी वाजवली ती न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायथ्याशी. त्या इमारती तीन महिन्यांत गेल्या. आवाज राहिला.

हे सगळं लिहून झालं त्या संध्याकाळची गोष्ट. भाचा आवाज अगदी बारीक करून, चोरून, तोच एक सूर छेडत होता. दाराची घंटा वाजली. दारात मास्तर. खांद्यावर शाल. मला वाटलं, आता नोटीस. ते माझ्याकडे न बघता आत गेले, खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. भाच्याचा हात थांबला.

"वाजव," मास्तर म्हणाले.

त्याने वाजवलं.

"तिसरी तार उतरलीय."

"काय, आजोबा?"

"तिसरी तार, बाळ. चार दिवस झाले. मला झोप नाही."

भाच्याने खुंटी पिळली. मास्तर हात वर करून म्हणत होते, "अजून... किंचित... हां, आता पुरे." मग सहाही तारा एकदम वाजल्या आणि खोलीत काहीतरी भरून आलं. मास्तर बराच वेळ तसेच बसून राहिले. जाताना दारात थांबून म्हणाले, "गंधार येतोय. पण अजून धूसर आहे."

मी धीर करून विचारलं, "मग ठराव मागे घ्यायचा का?"

"ठराव कसा मागे घेणार? सर्वसाधारण सभेत झालाय. दुरुस्ती देतो."

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ती दुरुस्ती आलेली आहे : ‘सुरात लावलेली गिटार वाजवण्यास हरकत नसावी. सुरात आहे की नाही, हे तळमजला ठरवील.’